कागदावर वहिनी

आमच्या घरी टपाल दुपारी यायचं आणि त्यातलं बरंचसं आमचं नसायचं. ते वाचनालयाचं असायचं. अंबरनाथ पश्चिमेला, बुद्धविहाराच्या बाजूच्या दोन खोल्यांत आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते वाचनालय सुरू केलं होतं. उघडायचं मात्र संध्याकाळी, आप्पा कंपनीतून सुटून, आंघोळ करून, चहा पिऊन गेले की मग. दुपारी तिथे कुलूप. पोस्टमनने एक-दोनदा कुलपापाशी पत्रं ठेवून पाहिली, ती शेळीने खाल्ली, तेव्हापासून त्याने आपल्या मनानेच पत्ता बदलून टाकला आणि तो सगळं टपाल आमच्या चाळीतल्या खोलीत आणून टाकू लागला. प्रकाशकांच्या याद्या असत, कोणाच्या तरी कार्यक्रमाचं निमंत्रण असे, आणि महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या ग्रंथालयांच्या संघटनेचं वार्तापत्र येई. राखाडी कागदावर छापलेली, मधोमध पिन मारलेली ती चार पानं. त्यात सरकारची परिपत्रकं असत, अनुदानाचा हप्ता कधी निघणार याचा अंदाज असे, नव्या पुस्तकांची यादी असे, आणि शेवटच्या पानावर जिल्ह्यातल्या लहानसहान वाचनालयांच्या बातम्या. अमुक गावच्या वाचनालयाला कोणी कपाट भेट दिलं. तमुक ठिकाणचे पत्रे वाऱ्याने उडाले. एका ग्रंथपालाचं निधन झालं, दुसऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं.

आप्पा त्यातलं फक्त अनुदानाचं पान बघत आणि बाकीचं ट्रंकेवर टाकून देत. वाचायची ती आई. दुपारी स्टोव्हवर डाळ चढवली की डाळ शिजेपर्यंत तिला उसंत मिळायची. स्टोव्हचा तो एकसुरी फरफर आवाज, शेजारच्या खोलीतला रेडिओ, आणि पाटावर बसून ओठ हलवत वार्तापत्र वाचणारी आई, हे माझ्या डोळ्यांपुढे अजून जसंच्या तसं उभं राहतं. ती ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचायची. जेवताना मग अचानक म्हणायची, "त्या मुरबाडकडच्या लोकांनी पत्रे बसवले बाई एकदाचे. वर्गणी काढली गावात." आम्हाला वाटायचं कोणी नातेवाईक आहेत. ती त्या गावांना कधी गेली नव्हती, पण कोणाकडे किती कपाटं आहेत आणि कोणाच्या खिडकीला गज नाहीत हे तिला पाठ होतं. आता त्याच तऱ्हेच्या बातम्या मला फोनवर येतात. बदलापूरला राहायला आल्यावर मी इथल्या एका वाचनालयाच्या समितीवर आहे आणि आमच्या ग्रुपवर रोज परिपत्रकं, फोटो, शुभ सकाळ यांचा पाऊस पडतो. मी त्यातलं निम्मं न उघडताच पुसते. आई असती तर तिने एकही पुसलं नसतं.

आप्पांच्या वाचनालयाबद्दल सांगायचं तर ते आप्पांचंच होतं, याच शब्दांत सांगावं लागेल. समिती होती, अध्यक्ष होते, पाटी होती. पण पुस्तकं कुठे आहेत हे आप्पांच्या डोक्यात होतं आणि आप्पांच्या डोक्याबाहेर कुठेही नव्हतं. कोणी देणगी दिली की ती पुस्तकं एकत्र राहायची. कपाटात जागा उरली की उंचीला बसतील ती तिथे जायची. काही पुस्तकं आप्पांनी मुद्दाम मागे दडवलेली असत, ठरावीक वाचकांसाठी. माणूस दारात दिसला की आप्पा त्याचा चेहरा बघत, उठत, हात घालत आणि पुस्तक काढत. "हे वाच. आवडलं नाही तर मला येऊन सांग." सहसा आवडायचं. लोक त्यांना मानत. रस्त्याने जाताना त्यांना जेवढे 'जय भीम' मिळत तेवढे विहारातल्या भन्तेंनाही मिळत नसतील. केमिकल कंपनीत दिवसभर पिंपं हलवणाऱ्या माणसाला संध्याकाळचे ते तीन तास म्हणजे काय होते, हे मला तेव्हा कळायचं नाही. आज थोडंफार कळतं.

मग आप्पांना कावीळ झाली. महिनाभर ते खाटेवर होते, उसाचा रस आणि मऊ भात. समितीतल्या लोकांनी पाळीपाळीने वाचनालय उघडलं, पण कोणाला काहीच सापडेना. लोक आमच्या घरी यायचे, दारात उभे राहून विचारायचे, आणि आप्पा पिवळ्या डोळ्यांनी छताकडे बघत सांगायचे, "दुसरं कपाट, डाव्या हाताला, जाडी पुस्तकं संपतात तिथे." तो माणूस जायचा आणि परत यायचा. "नाही दिसत, आप्पा." आठवडाभराने लोक यायचेच बंद झाले. वाचनालयात फक्त वर्तमानपत्रं वाचायला चार म्हातारे उरले. आई त्या महिन्यात एकदा म्हणाली, "तुम्ही आजारी पडलात की वाचनालयपण आजारी पडतं." आप्पा हसले. त्यांना ती स्तुती वाटली.

सरकारकडून वाचनालयाच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांना मात्र ती स्तुती वाटली नाही. ते सज्जन होते, चहा घेतला, पुस्तकांवरची धूळ नाही म्हणून कौतुकही केलं. मग म्हणाले, की इतकं चांगलं चाललेलं वाचनालय अनुदानाच्या खालच्या वर्गात अडकून पडलंय ते एकाच कारणाने. प्रशिक्षित ग्रंथपाल नाही. वरच्या वर्गात गेलं तर अनुदान वाढेल, पुस्तकं वाढतील, बालविभाग काढता येईल. आईला हे आधीच ठाऊक होतं. वार्तापत्रात त्याचं परिपत्रक येऊन गेलं होतं आणि त्याच पानावर खाली चौकटीत प्रशिक्षण वर्गाची जाहिरातही होती. वर्ग विठ्ठलवाडी डेपोजवळच्या एका शाळेत, दर रविवारी. तिने ते पान घडी घालून आप्पांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. आप्पांनी नाव घातलं. समितीला आनंद झाला. घोळ एवढाच होता, की आमच्याकडच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी आप्पांना कामावर जावं लागे.

पहिले काही रविवार त्यांनी पाळ्या बदलून घेतल्या. मग सुपरवायझर म्हणाला, "आप्पा, बस झालं. बाकीच्यांनाही घरदार आहे." तेव्हा आप्पांनीच तोड काढली. आई लग्नाआधी मॅट्रिक झाली होती, तिच्या वडिलांच्या हट्टामुळे. अक्षर सुरेख. आप्पा म्हणाले, "तू जाऊन बस मागच्या बाकावर. सर सांगतील ते लिहून आण. मी घरी वाचून काढतो." आईने एकटीने जायचं नाही असं कोणी म्हणालं नाही, पण सोबत म्हणून मला पाठवलं. मी नववीत होते. धाकट्या भावाला, विलासला, तेवढा वेळ शेजारणीकडे ठेवायचो.

त्या रविवारांचं मला अप्रूप होतं. बस डेपोत उतरलो की तळणाचा वास यायचा. एक जाडजूड सिंधी बाई, कानात मोठी कर्णफुलं, हातगाडीवर दाल पकवान, म्हणजे कडक तळलेली पुरी आणि डाळ, विकायची. ती आईला "आओ दीदी, बेटी को खिलाओ" म्हणायची आणि आई तिच्याशी आपल्या मोडक्या हिंदीत बोलायची, जी ती एरवी कधी बोलत नसे. एक पकवान घेऊन आम्ही दोघी ते मोडून खायचो, वर हिरवी चटणी आणि कांदा. मग शाळा. वर्गात बहुतेक पुरुष, शहापूर-मुरबाडकडून आलेले, धोतर-टोपीतलेही एक-दोन. आईला त्यांतल्या काहींची गावं कळली तेव्हा तिने बसल्या बसल्या त्यांच्या पत्र्यांची आणि कपाटांची चौकशी सुरू केली. ती माणसं चकितच झाली. शिकवायला कर्णिक सर होते, कल्याणच्या एका मोठ्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, सुकलेले, खडूने बोटं पांढरी झालेले. ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असं ते फळ्यावर उतरवत जायचे. मला झोप यायची. आई लिहीत असायची.

आमच्या तिसऱ्या की चौथ्या रविवारी सरांनी तिला थांबवलं. "बाई, तुम्ही नोंदलेल्या नाहीत. कोणाच्या जागी बसता?"

"आमच्या ह्यांच्या. त्यांना कंपनी असते."

"असं चालत नाही. दुसऱ्यासाठी ऐकलेलं डोक्यात राहत नाही. नाव घाला, नाहीतर येऊ नका."

घरी आल्यावर आईने हे आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. आप्पा म्हणाले, "घाल मग नाव. त्यात काय. म्हणजे यायला-जायला अडचण नको." ते अगदी सहज बोलले. मला वाटतं, आई परीक्षेला बसेल हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं, आणि आईच्याही मनात आलं होतं की नाही हे मला सांगता येणार नाही. आमच्या नात्यात एक गोष्ट सांगतात, की आईने त्या दिवसांत डाळीच्या आणि मसाल्याच्या डब्यांवर क्रमांक टाकले होते. ती खोटी आहे. डबे होते तसेच होते. फक्त रात्री जेवणं झाली की ती वही घेऊन आप्पांच्या समोर बसायची आणि त्यांना शिकवायची. तेव्हा मात्र वाद व्हायचे.

"एखाद्याने शेतीवर कादंबरी लिहिली," आप्पा म्हणायचे, "तर ती शेतीत का नाही ठेवायची? शेतकरी कुठे शोधणार ती?"

"कादंबरी ती कादंबरी. साहित्यात जाणार."

"मला पुस्तकाचा नंबर काय करायचाय? कोणाला द्यायचं ते मला माहीत असतं."

"आणि तुम्ही नसलात की?"

यावर ते वही मिटायचे.

परीक्षा शुक्रवारी होती, त्यामुळे आप्पांना रजा लागली नाही. दोघंही गेले, बरोबरच, आप्पा धुतलेल्या पांढऱ्या शर्टात आणि आई लग्नातल्या हिरव्या साडीत. मी विलासला सांभाळत घरी होते. संध्याकाळी परत आले ते गप्पा मारत. आप्पांनी वाटेत सुकट घेतली होती. "सोपा होता पेपर," म्हणाले. त्या रात्री आईने सुकटीची चटणी केली आणि तांदळाच्या भाकऱ्या, आणि आम्ही दारं उघडी टाकून जेवलो. दोन-तीन महिने गेले. मग दुपारच्या टपालात वार्तापत्र आलं, निकालाचं.

मी शाळेतून आले तेव्हा डाळ करपत होती. आई पाटावर बसून होती, वार्तापत्र मांडीवर. मी स्टोव्ह बंद केला आणि तिच्या हातातून कागद घेतला. तिचं नाव होतं, सगळ्यात वरच्या चार-पाचांत. पुढे गावाचं नाव, अंबरनाथ. मी यादी खालपर्यंत वाचली, परत वरपासून वाचली. आप्पांचं नाव नव्हतं.

"छपाईची चूक असेल," मी म्हणाले.

"नसेल," आई म्हणाली. "त्यांनी वर्गीकरणाच्या पेपरात उत्तरं सोडून सरांशी भांडण लिहून ठेवलंय. मला सांगत होते बसमध्ये."

आप्पा आले, चहा प्याले. आईने कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि तिला म्हणाले, "चांगले मार्क पडले असणार तुला." मग वाचनालय उघडायला गेले, नेहमीच्या वेळेला. त्या संध्याकाळी त्यांनी लोकांना कोणकोणती पुस्तकं दिली, मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी समितीची बैठक वाचनालयातच होती. आप्पांनी त्यासाठी पाळी बदलून घेतली होती. आईला अर्जावर सही करायला बोलावलं होतं, आणि मी चहाची किटली घेऊन तिच्याबरोबर गेले. अध्यक्ष होते गायकवाड साहेब, रेल्वेतून निवृत्त झालेले, मोठ्या मनाचे गृहस्थ. आमच्या वस्तीतल्या निम्म्या मुलांच्या फीच्या वेळी त्यांचाच हात पुढे असे. ते खूष होते.

"वहिनी, अभिनंदन. आपला प्रश्न मिटला बघा. कागदावर वहिनी, आणि बाकी सगळं आप्पाच, आजपर्यंत चाललं तसं. सही लागेल तेव्हा पोरीबरोबर रजिस्टर घरी पाठवत जाऊ. तुम्हाला घर सोडायला नको."

सगळ्यांनी माना हलवल्या. अशी सोय तेव्हा पुष्कळ ठिकाणी करत. आजही करतात, मी समितीवर बसून पाहिली आहे. आप्पा टेबलापाशी त्यांच्या खुर्चीत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच, निकालानंतर पहिल्यांदाच, जरा सैलपणा आलेला दिसला. मी कप भरत होते.

"साहेब, विचारू का एक?" आई म्हणाली. ती दारापाशीच उभी होती. "तपासणीला कोणी आलं आणि विचारलं, ग्रंथपाल कुठे आहेत, तर काय सांगणार?"

"सांगू, बाजारात गेल्यात भाजी आणायला." लोक हसले.

आई हसली नाही. "मी बाजारात नसेन. सही माझी असेल तर त्या टेबलाशी मी बसेन. नाहीतर सही करणार नाही."

कोणीतरी म्हणालं, "अहो वहिनी, मग घर कोण बघणार?"

"घर आहे तिथेच आहे. ते कुठे पळून जात नाही."

गायकवाड साहेबांनी कप खाली ठेवला. ते रागावले नव्हते, काळजीत पडले होते. "हे बघा, आप्पांनी हे उभं केलंय. त्यांना उठा म्हणायचं आमच्या जिवावर येतं. तुम्ही सही नाही केली तर आम्हाला बाहेरचा माणूस घ्यावा लागेल. कल्याणचा एक पोरगा आहे, पास झालेला. तो येईल आठवड्यातून दोनदा, सही करून जाईल. मग ना तुमचं, ना आप्पांचं."

बाहेर विहाराच्या अंगणात कोणी झाडत होतं, तो खराट्याचा आवाज तेवढा येत होता. सगळे आप्पांकडे बघत होते. आईसुद्धा. आप्पा चहावर धरलेल्या सायीकडे बघत होते. मला वाटलं ते आईला रागे भरतील, नाहीतर हसून वेळ मारून नेतील. दोन्ही त्यांना येत असे.

"बाहेरचा कशाला आणायचा?" शेवटी ते म्हणाले. "जी पास झाली तिला द्या." त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि ते निघून गेले. चहा तसाच राहिला. आईने किल्ल्या उचलल्या नाहीत. आधी अर्जावर सही केली, मग उचलल्या.

त्या प्रसंगात मी कोणाच्या बाजूची होते, असं मला माझ्या मुलीने एकदा विचारलं. आप्पांनी न्याय केला, पण तोंड फिरवून केला. आईचं बरोबर होतं, पण तिने ते घरी आधी बोलायला हवं होतं असंही मला वाटतं. कदाचित घरी बोलली असती तर ती तिथे बोलू शकली नसती.

त्यानंतर संध्याकाळी आई पाचच्या पुढे निघायची ते दिवेलागणीनंतर बऱ्याच वेळाने परतायची. पहिल्या दिवशी स्वयंपाक मी केला. दुसऱ्या दिवशी निघताना आई भिंतीकडे बघून बोलावं तसं म्हणाली, "शोभाची पुढच्या वर्षी दहावी आहे. ती रोज संध्याकाळी स्टोव्हपाशी बसणार नाही." आणि गेली. आप्पा खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते. स्टेशनाजवळच्या चहावाल्याकडून ते आदल्या दिवशीचं आणत, कारण वाचनालयात ते जात नव्हते. बराच वेळ ते वाचत राहिले. मग उठले आणि तांदूळ निवडायला घेतले. चाळीतल्या बायका दारावरून जाताना रेंगाळायच्या. एकीने विचारलं, "काय आप्पा, आज काय बेत?" तेव्हापासून ते दार लोटून स्वयंपाक करू लागले. आधी भात चिकट व्हायचा, डाळीत मीठ नसायचं. विलास रडायचा. हळूहळू त्यांचा हात बसला. बोंबलाचं कालवण तर ते आईपेक्षा चांगलं करू लागले, चिंच जरा जास्त घालून, आणि आई ते न बोलता दोनदा वाढून घ्यायची. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते असं नाही. पाणी आलं का, विलासला ताप आहे, रॉकेल संपलंय. वाचनालयाचा विषय मात्र निघत नसे. वार्तापत्र यायचं तेही आई आता मनातच वाचायची.

तिकडे तिने सगळी कपाटं रिकामी केली होती. पुस्तकं विषयवार लावली, प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली, फाटकी पुस्तकं, म्हणजे जवळजवळ सगळीच, उल्हासनगरच्या एका बाइंडरकडे पाठवली आणि ती सगळी एकसारखी चॉकलेटी पुठ्ठ्यात होऊन आली. खिडकीखाली मुलांसाठी एक बुटकं कपाट आलं. बायका येऊ लागल्या, भाजी घेऊन जाताना पिशवीत पुस्तक टाकायच्या. पण जुने वाचक कुरकुरत. त्यांना क्रमांक नको होता, आप्पांचा हात हवा होता. "काय वाचू?" असं विचारलं की आई विचारायची, "कोणत्या विषयावर?" आणि माणूस वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे वळायचा. काही जण यायचे थांबले. हे तिला कळत होतं. ती रात्री परत आली की कितीतरी वेळ पाय धूत बसायची.

एका संध्याकाळी मी माझं पुस्तक बदलायला गेले होते, तेव्हा जाधवकाका आले. ते रेल्वेत गँगमन होते, अक्षर अक्षर जोडून वाचणारे. त्यांची बायको वर्षभर अंथरुणाला खिळली होती आणि ते तिला रोज वाचून दाखवत. ते आईला म्हणाले, "ते निळं पुस्तक द्या. मागे आप्पांनी दिलं होतं. हिला परत ऐकायचंय."

"नाव काय?"

"नाव नाही ध्यानात. निळं होतं. त्यात एक बाई विहिरीवर भांडते आणि मग गाव सोडून जाते."

आता निळं काहीच उरलं नव्हतं, सगळं चॉकलेटी. आईने एक काढलं, दुसरं काढलं. जाधवकाका मान हलवत राहिले. "नाही हो. त्यात ती हसली होती, माझी बायको. आता ती फार बोलत नाही. काल एवढंच बोलली, ते विहिरीवालं आण." ते परत जायला वळले. आई उभी राहिली. "थांबा, काका," म्हणाली आणि माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शोभा, घरी जा आणि आप्पांना विचार. म्हणावं, जाधवकाकांचं निळं पुस्तक."

मी पळत गेले. आप्पांनी नुकताच भात टाकला होता. मी सांगितलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "तिसरं कपाट, वरून दुसरा..." आणि थांबले. तिसरं कपाट आता तिसरं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. लोकांकडून सगळं कानावर येत होतं. त्यांनी लुंगीला हात पुसले, ती सोडून पँट चढवली आणि माझ्या पुढे चालायला लागले.

ते वाचनालयाच्या दारात थांबले. आतले लोक बघायला लागले. आप्पा सवयीने उजव्या हाताच्या कपाटाकडे गेले, हात वर नेला आणि तो तसाच राहिला. तिथे विज्ञान होतं. त्यांनी दुसरीकडे पाहिलं. सगळी पुस्तकं एका रंगाची, पाठीवर आकडे. या खोलीत त्यांना अंधारातसुद्धा वाट सापडायची आणि आता ते पाहुण्यासारखे मधोमध उभे होते. आई जागची उठली नाही. मला तिचा राग आला. आज वाटतं, ती उठली असती तर ते परत गेले असते.

आप्पा टेबलापाशी आले. जाधवकाकांच्या बाजूला, वाचक उभे राहतात तिथे. त्यांनी पुस्तकाचं नाव सांगितलं. लेखकाचंही सांगितलं. मग म्हणाले, "मला नाही सापडत. तुम्ही बघता का जरा, कुठे लावलंय ते?"

आईला त्यांनी 'तुम्ही' म्हटलेलं मी आयुष्यात त्याआधी ऐकलं नव्हतं. टोमणा नव्हता त्यात. टेबलामागच्या कोणत्याही माणसाशी बोलावं तसं ते बोलले. आईच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक एकदा कागदावर टेकलं आणि तिने पुस्तकांच्या नावांनी लावलेल्या नोंदपत्रांचा खण ओढला. थोड्याच वेळात ती खिडकीजवळच्या कपाटातून पुस्तक घेऊन आली. जाधवकाकांनी मधलं पान उघडलं, बोट ठेवून वाचलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "हेच," म्हणाले. "विहीर आहे इथे."

ते गेल्यावर आप्पा निघतील असं मला वाटलं. पण ते वर्तमानपत्रांच्या टेबलाशी जाऊन बसले, आजचा पेपर ओढला आणि वाचनालय बंद होईपर्यंत वाचत राहिले. मध्येच एका पोराने आईला विचारलं, "काय वाचू?" तेव्हा आईने आप्पांकडे नुसतं पाहिलं. आप्पांनी पेपरातून मान वर न करता एक नाव सांगितलं. आईने ते काढून दिलं.

तिघं घरी आलो तर चाळीत करपल्याचा वास पसरला होता. शेजारणीने स्टोव्ह विझवला होता आणि टोप दाराशी आणून ठेवला होता. आईने झाकण काढून पाहिलं. वरचा भात चांगला होता, खालचा काळा.

"उद्यापासून भात लवकर टाकतो," आप्पा म्हणाले. "मला पेपर वाचायला यायचंय. तुला चालेल ना?"

"वाचनालय सार्वजनिक आहे," आई म्हणाली. तिने वरचा पांढरा भात हलक्या हाताने काढला, चार ताटांत वाढला आणि विलासला हाक मारली.